ज्याचं काम त्याला
माणसं आणि कामं : भाग 7

मागच्या भागात आपण कामांची यादी केली. आता पुढचा प्रश्न : कोणतं काम कोणाकडे द्यायचं? याचं उत्तर शोधायला घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावापर्यंत गेलं तरी पुरे. 1608 साली तिथे जन्मलेल्या नारायण ठोसरांनी, म्हणजे समर्थ रामदासांनी, पुढे मठांचं जाळं उभं केलं ते माणसं पारखून.

दासबोध समर्थांनी सांगितला, कल्याणस्वामींनी लिहून घेतला. त्याच ग्रंथातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, शाई काळीभोर असावी, पहिल्या अक्षराचं वळण शेवटपर्यंत टिकावं; फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. कामातलं इतकं बारीकसारीक ज्याला ठाऊक, त्यालाच त्या कामाचा माणूस ओळखता येतो. बायोडेटा चाळून ही नजर येत नाही.

पण समर्थांच्या चाफळच्या देवस्थानाचा कारभार कल्याणस्वामींसारख्या पट्टशिष्याकडे नव्हता; तो दिवाकर गोसावी पाहत. कल्याणांचा मठ परांड्याजवळ डोमगावला. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. रोलिंग मिलमधला कसबी फिटर बढती म्हणून सुपरवायझर होतो. हातचा कारागीर जातो आणि पदरात कच्चा साहेब पडतो. त्याचा पगार वाढवा, मान वाढवा, पण हातातला पाना काढून घेऊ नका.

वेणाबाईंचं उदाहरण आणखी धीट. विधवेने चारचौघांत उभं राहणंही ज्या काळात खपत नव्हतं, त्या काळात समर्थांनी त्यांना उभं राहून कीर्तन करू दिलं आणि मिरजेचा मठ त्यांच्याकडे सोपवला. गुण दिसला की रीत आड येऊ द्यायची नाही.

1682 मध्ये समर्थ गेले आणि चाफळच्या कारभारावरून शिष्यांत कुरबुरी सुरू झाल्या. तेव्हा संभाजीमहाराजांनी पत्र पाठवून समर्थांनी घालून दिलेली व्यवस्थाच चालवण्यास बजावलं. एवढी पारख करूनही कुरबुरी टळल्या नाहीत, तर आपल्या गटात कशा टळतील? म्हणून कामांची वाटणी नुसती मनात ठेवू नका.

बचत गट असो की शेतकरी कंपनी, आधी महिनाभर नुसतं पाहा. न सांगता हिशेब कोण तपासतं? बँकेत साहेबांशी न बिचकता कोण बोलतं? रुसलेल्या सभासदाच्या घरी कोण जातं? मग तेच काम त्या व्यक्तीला थोडं देऊन पाहा. जमलं तर अधिकारासकट सोपवा आणि सगळ्यांसमोर ठरावाच्या वहीत नोंदवा.

पुढच्या बैठकीला जाताना ही वही बरोबर घ्या. प्रत्येक नावापुढे पद लिहिण्याआधी त्या माणसाला काय उत्तम जमतं, ते एका ओळीत लिहा. ज्या नावापुढे ओळ सुचणार नाही, त्या माणसाकडे तुम्ही अजून नीट पाहिलेलंच नाही.