बिडीला न शिवलेल्या बाईचा खोकला

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात आषाढ लागला की सरपण ओले होते. चूल पेटता पेटत नाही, घरभर धूर कोंडतो आणि घरची बाई फुंकणी फुंकत, डोळे पुसत भाकऱ्या थापते. तिच्या खोकल्याची घराला सवय होते. तो थांबेचना, तर क्षयाचा संशय येतो. तो रास्तच, थुंकी तपासायलाच हवी. पण क्षय नाही असे ठरले, वा औषधांनी गुण आला नाही, तर पुढे काय? 'तिने कधी बिडी ओढली नाही, मग फुफ्फुसाचा कर्करोग कसा होईल?' असे म्हणून आपण गप्प बसतो.

तंबाखू हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण खरे. पण एकमेव नव्हे. लाकडाच्या घरगुती धुरालाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' मानले आहे. शिवाय धूम्रपान न करणाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या कर्करोगात एक निराळी गोष्ट वारंवार आढळते.

पेशीच्या पृष्ठभागावर 'ईजीएफआर' नावाचे प्रथिन असते. त्याला दारावरची घंटा समजा. बाहेरून निरोप आला की ती वाजते आणि पेशीचे विभाजन होते. या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला, की कोणी न दाबताच घंटा अखंड वाजत राहते. हा बिघाड सहसा जन्मजात नसतो. तो फुफ्फुसातल्या पेशीत पुढे केव्हातरी घडतो. म्हणून आईला हा रोग झाला, तर लेकीच्या लग्नात त्याची अडचण काढण्याचे कारण नाही.

२००४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ज्यांच्यात हा बिघाड असतो, त्यांना जेफिटिनिबची गोळी विशेष लागू पडते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने असे ३५० रुग्ण घेऊन चाचणी केली. नुसत्या गोळीने रोग साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, गोळीला केमोथेरपीची जोड दिल्यावर १६ महिने. मात्र त्रासही वाढला. पसरलेला रोग यांनी सहसा मुळापासून जात नाही. पेशी नवा बदल घडवून गोळीला चकवतात. मग पुढची औषधे शोधावी लागतात.

तरीही ते महिने घरच्यांसाठी मोलाचे असतात. परंतु बिघाड आहे की नाही, हे तपासल्यावाचून गोळी ठरवता येत नाही. तेव्हा गाठीचा तुकडा तपासायला जाईल, त्या वेळी डॉक्टरांना जरूर विचारा, 'जनुकांची तपासणी करायची ना?' आणि त्याआधी, चुलीपुढचा तो खोकला जरा कान देऊन ऐका.