हिरवळीला चुना : कोणता आणि किती?

शाळेच्या अंगणात हौसेने लावलेली हिरवळ पिवळी पडू लागते. मधूनमधून शेवाळ दिसते. कोणीतरी सुचवतो, “माती आंबट झाली असेल, चुना टाका.” मग रंगकामातून उरलेला कळीचा चुना फेकला जातो आणि उरलेसुरले गवतही करपते. सल्ला चुकला का? तसे म्हणता येणार नाही. चुकली ती चुन्याची निवड!

पण आधी माती खरोखर आम्लधर्मी आहे का, ते पाहू या. कोकणातील धुवाधार पाऊस मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेतो. त्यांच्या जागी हायड्रोजन व ॲल्युमिनियमचे आयन येतात. म्हणून तेथील जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची वाढ खुंटवते. देशावरच्या काळ्या मातीत मात्र बहुधा मुळातच चुनखडी असते. चिमूटभर मातीवर शिक्षकांच्या देखरेखीखाली विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. ती फसफसली, तर तिला चुना नकोच. फसफसली नाही, तर सामू मोजावा.

आता निवड. १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, जेवढे आम्ल उदासीन करते, तेवढ्यासाठी डोलोमाइट ९२ किलो, विरलेला चुना ७४ किलो आणि कळीचा चुना ५६ किलो पुरतो. हे आकडे त्यांच्या रेणुभारांवरून तुम्हीही काढू शकाल. मग सर्वांत प्रबळ तोच उत्तम का नाही? कळीचा चुना पाण्याशी संयोग पावताना भरपूर उष्णता बाहेर टाकतो. विरलेल्या चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू १२ च्याही वर असतो. कोवळी पाती त्याने भाजतात. डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. चुनखडी पाण्यात जेमतेम विरघळते. आम्ल भेटेल तसतशी ती खर्ची पडते. म्हणून उगवलेल्या हिरवळीला चुनखडीची भुकटीच बरी. मातीत मॅग्नेशियम कमी असेल, तर डोलोमाइट घ्यावा. जिप्सममध्येही कॅल्शियम असते, पण त्यातील सल्फेट आम्ल उदासीन करत नाही. त्याने सामू वाढत नाही.

भुकटी बारीक हवी. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटरचे १००० घन केले, तर तेच ६० होते! आम्लाची गाठ पृष्ठभागाशीच पडते. रव्यासारखी जाडी भुकटी हळूहळूच खर्ची पडते.

किती टाकावी, हे केवळ सामूवर ठरत नाही. चिकणमाती व सेंद्रिय द्रव्य जास्त असेल, तर त्याच सामूला अधिक चुना लागतो. म्हणून माती परीक्षण प्रयोगशाळेकडून मात्रा ठरवून घ्यावी. हिरवळ लावण्यापूर्वी भुकटी मातीत मिसळावी. लावल्यानंतर थोडी थोडी पसरून पाणी द्यावे. चुना व युरिया एकत्र टाकू नयेत, कारण नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने उडून जातो.

जाता जाता एक प्रश्न. समुद्रकाठचे शिंपले दळून टाकले आणि भट्टीत भाजून टाकले, तर हिरवळीला कोणते मानवतील? उत्तर वर्गात शोधा, आणि कारणही सांगा!