मानेमागचा अडसर

अमरावती-अकोला रस्त्याची बातमी जून २०२२ मध्ये देशभर पोचली. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करण्यात आली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा अमरावती जिल्ह्यातून धावू लागला. वर्षानुवर्षे खड्डे चुकवत प्रवास केलेल्या वऱ्हाडाच्या वाट्याला वेग आला. पण रस्त्यावरच्या सगळ्यांचा वेग सारखा वाढलेला नाही. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली, संत्र्यांचा ट्रक, बैलबंडी, दुचाकी आणि ताशी शंभराने येणारी मोटार, सगळे त्याच डांबरावर असतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला की मागच्याला आवरत नाही, आणि धडक मागून बसते.

अशा धडकेत बहुधा रक्त येत नाही. बंपर चेपतो, दिवा फुटतो, बाचाबाची होते आणि माणसे घरी जातात. दुसऱ्या दिवशी मात्र मान वळत नाही. डोके ठणकते, खांद्यापर्यंत कळ जाते, काहींना गरगरते. क्ष-किरण चित्रात हाडे जागच्या जागी दिसतात. मग घरचेच म्हणतात, 'काही झालं नाही, मनाचे खेळ आहेत.' या इजेचे खरे दुखणे इथे सुरू होते.

हा अविश्वास मोटारीपेक्षा जुना आहे. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याच सुमारास, १८६६ मध्ये, लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसन यांनी रेल्वे अपघातांतल्या अशाच रुग्णांविषयी पुस्तक लिहिले. बाहेरून धडधाकट दिसणारी ही माणसे महिनोन्‌महिने पाठ-मानेच्या दुखण्याने हैराण होती. या दुखण्याला 'रेल्वेचा कणा' असे नाव पडले आणि रेल्वे कंपन्यांचे वकील व डॉक्टर यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला: ही इजा खरी, की भरपाईसाठी केलेले सोंग? पुढे १९२८ मध्ये अमेरिकन अस्थितज्ज्ञ हॅरोल्ड क्रो यांनी मानेच्या या दुखापतींसाठी 'व्हिपलॅश', म्हणजे चाबकाचा फटकारा, हा शब्द वापरला. तोच आज जगभर रूढ आहे.

शंकरपट पाहिलेल्या माणसाला या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही. चाबकाची मूठ आधी हलते, वादी मागे राहते आणि मग टोकाला जोराचा हिसका बसतो. मागून धडक बसते तेव्हा शरीराचे असेच होते. गाडी पुढे ढकलली जाते, आसनाची पाठ आपल्या पाठीला पुढे रेटते. डोके मात्र जडत्वामुळे आहे तिथेच राहू पाहते. साडेचार-पाच किलोंचे हे वजन मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते. धड पुढे सरकते, डोके मागे राहते आणि क्षणभर मानेला नागमोडी बाक येतो: खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात. त्यांची आवरणे आणि भोवतालचे स्नायुबंध या बाकात ताणले जातात. मग डोके मागे फेकले जाते आणि लगेच उसळून पुढे येते.

हे सगळे सेकंदाच्या दोन-तीन दशांश भागांत उरकते. घातक बाक तर पहिल्या एक दशांशाच्या आसपासच येतो. धडकेची चाहूल नसलेल्या माणसाच्या मानेचे स्नायू तेवढ्या वेळात पुरेसे आवळलेच जात नाहीत. त्यामुळे 'मान घट्ट धरली असती तर' या म्हणण्याला अर्थ उरत नाही. डोक्याला वेळेत अडवणारे काहीतरी मागे आधीपासून असायला हवे.

आपण ज्याला 'हेडरेस्ट' म्हणतो ते हेच. नावात विश्रांती आहे, काम मात्र अडसराचे आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांवर ते सक्तीचे झाले. पण नुसते असून भागत नाही. डोके आणि ते यांच्यात जितके अंतर, तितका वेळ मान एकटी ओढली जाते. ते फार खाली असेल तर डोक्याला अडवण्याऐवजी मानेलाच टेकू देते आणि डोके त्यावरून मागे कलंडते.

अभियंत्यांच्या हळूहळू लक्षात आले की प्रश्न केवळ या उशीचा नाही, सबंध आसनाचा आहे. साब कंपनीने १९९७ मध्ये अशी रचना आणली, की धडकेत प्रवाशाची पाठ आसनात रुतली की आतली तरफ हलते आणि डोक्यामागची उशी आपोआप वर-पुढे येते. १९९८ मध्ये व्होल्वोने आसनाची पाठच बेताने मागे सरकू दिली. धड आणि डोके एकाच वेळी झेलले जावे आणि आघाताचा जोर आसनाने गिळावा, हा दोघांचाही हेतू. अमेरिकेतल्या विमा दाव्यांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपोआप पुढे येणाऱ्या अशा उशीमुळे मानेच्या दुखापतीचे दावे सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. म्हणजे ज्या इजेला सोंग म्हटले जात होते, ती आसन बदलताच कमी झाली. सोंग आसनाच्या रचनेने घटत नाही.

तरी एक उणीव राहिली. ही इजा पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. पण मागच्या धडकेच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे बसवला गेला तो सरासरी पुरुषाच्या बांध्याचा पुतळा. वजनाने हलक्या शरीराला तेच आसन अधिक ताठ लागते. स्वीडनमधल्या ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी स्त्रीच्या बांध्याचा पुतळा तयार केला, तो गेल्या काही वर्षांतच. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' हे सुरक्षा-मूल्यांकन लागू झाले. त्याच्या आरंभीच्या आराखड्यात समोरची, बाजूची आणि खांबावरची धडक तपासली जाते. गाडीला मिळालेले तारे म्हणजे मागच्या धडकेची हमी नव्हे.

म्हणून जे आपल्या हातात आहे ते आधी करावे. मानेमागच्या उशीची वरची कड डोक्याच्या माथ्याबरोबर आणावी, निदान कानांच्या खाली राहू देऊ नये. डोके आणि ती यांच्यात तीन-चार बोटांहून अधिक अंतर नसावे. त्यासाठी आसनाची पाठ सरळ ठेवावी. झोपल्यासारखे रेलून बसले की डोके अडसरापासून दूर जाते. पाठीमागे घेतलेली जाड गादीही तेच करते. उशी वर ओढल्यावर खटका बसल्याची खात्री करावी. गाडी कधी सासरे चालवतात, कधी सून, तेव्हा आरशाइतक्याच सवयीने ही उंचीही बदलावी. पट्टा बांधलेला हवाच, कारण उसळून पुढे येणाऱ्या शरीराला तोच धरतो.

मागच्या आसनाकडे तर कोणी पाहतच नाही. आजी-आजोबा तिथेच बसतात आणि तिथल्या उशा बहुधा पार खाली दाबलेल्या असतात, किंवा मागचे नीट दिसावे म्हणून काढून डिकीत टाकलेल्या. मधोमध बसणाऱ्याला कित्येक गाड्यांत मानेमागे काहीच नसते. जुन्या काळी-पिवळी जीपच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच. शक्य असेल तेव्हा वडीलधाऱ्यांना मानेमागे आधार असलेली जागा द्यावी.

आणि इजा झालीच तर? हातापायांना मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणे किंवा असह्य वेदना असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. सलूनमध्ये मान मोडून घेणे किंवा जोराने चोळून घेणे कटाक्षाने टाळावे. गंभीर इजा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र आठवडेच्या आठवडे पट्टा लावून पडून राहू नये. त्यांच्या सल्ल्याने मान लवकर हलवू लागणे बरे, असे आजचे वैद्यक सांगते. दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू झाले तरी तपासणी करून घ्यावी आणि त्याचा कागद जपून ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ प्रमाणे भरपाई मागण्याची वेळ आली, तर चित्रात न दिसणाऱ्या इजेच्या बाजूने बोलणारा तोच एक साक्षीदार असतो.

दिवाळीत माहेरी-सासरी, अंबादेवीच्या दर्शनाला, शेगावला गाड्या निघतील. चाकांतली हवा आपण पाहतोच. निघण्याआधी प्रत्येकाच्या मानेमागे हात घालून ती उशी दोन खाचा वर ओढायला मिनिटभरही लागत नाही.