कुत्र्याला पिसवा झाल्यात? घरगुती उपायांपैकी कोणते सुरक्षित, कोणते घातक?

हमरापूर (ता. पेण) : पावसाळ्यातली दमट हवा पिसवांना मानवते. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात गोणपाटाच्या ढिगाआड, कोरड्या कोपऱ्यात कुत्री झोपतात आणि तिथेच पिसवाही वाढतात. रासायनिक औषध टाळायचे असेल, तर काय करता येईल?

पिसवा असतात कुठे?
अंगावर दिसतात त्या साधारण ५ टक्केच. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात अंथरुणात, फटींत असतात. म्हणून फक्त कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही.

हे करा
• अंथरूण, गोणपाट दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.
• बारीक दातांच्या फणीने रोज केस विंचरा. सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा.
• कोपरे, फटी रोज झाडा, कचरा लगेच बाहेर टाका.
• कोषातली पिसू काही महिनेही तग धरते. त्यामुळे मध्येच थांबू नका.

हे टाळा
• कापूर घातलेले खोबरेल तेल : कुत्रा अंग चाटतो, कापूर पोटात गेला तर विषबाधा होते.
• टी ट्री ऑइल : थोडेसेही घातक ठरू शकते.
• लसूण खाऊ घालणे : रक्तातील तांबड्या पेशींना इजा होते.

डॉक्टरांकडे कधी?
पिल्लू मलूल झाले किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर पिसवांनी रक्त शोषल्याने रक्तक्षय झालेला असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांकडे न्या. तेव्हा औषधच जीव वाचवते.