बर्फावरचे निधान

उदगीर, भालकी, बीदर या पट्ट्यातल्या घरांत लग्न ठरले, की खरेदीच्या यादीबरोबर एक नाव हमखास निघते, हैदराबादचा बेगम बाजार. निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर ही पेठ वसली, म्हणून तिचे हे नाव. भांडी, मसाले, सुकामेवा, सारे घाऊक भावात. एकाच सौद्यात तेलुगू, दखनी, मराठी आणि कन्नड ऐकू येते. या बाजारात बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपल्यांत. तरीही बर्फावर मोटार चालवण्याचा विषय मला पहिल्यांदा नीट भेटला तो इथेच, सुकामेव्याच्या एका दुकानात.

माझी अक्का कॅनडातल्या मुलासाठी अक्रोड-बदाम घेत होती. पोरगा माँट्रियलला नोकरीला लागलेला, आणि तो त्याचा पहिलाच हिवाळा. दुकानदाराने सहज विचारले, "बर्फात गाडी कशी चालवतो?" अक्का ठसक्यात म्हणाली, "चारी चाकं ओढणारी गाडी घेतलीय त्यानं. आता चिंता इल्ल!" त्या रात्री फोनवर मी भाच्याला तेच विचारले. तो हसून म्हणाला, "मामा, गाडी निघते झकास. थांबवायचं मात्र अजून शिकतोय."

हे वाक्य आपल्या भागातल्या पुष्कळ घरांनी लक्षात ठेवावे असे आहे. आपली मुले कॅनडात आणि अमेरिकेत आहेत. शिवाय ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीजवळचा ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून नाताळच्या सुटीत गाडी घेऊन थेट बर्फात जाण्याची हौसही वाढली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात सुमारे एक हजार वाहने बर्फात अडकली आणि पोलिसांना शेकडो पर्यटकांची सुटका करावी लागली. हिमवृष्टी झाली, की मनालीच्या पुढे बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात. त्यामुळे लोकांना वाटते, की अशी गाडी म्हणजे सुरक्षिततेचा परवानाच.

ओढणे वेगळे, थांबणे वेगळे

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत तो चारी चाकांना पोचतो, आणि एखादे चाक जागीच फिरू लागले तर जोर आपोआप दुसरीकडे वळतो. पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेली जीप आठवा. दोन चाके नुसती चिखल उडवत राहतात, चारींना जोर मिळाला तर ती बाहेर येते. बर्फावरही तेच. चढ चढायला आणि जागेवरून निघायला ही गाडी उत्तम.

पण ब्रेक? ते तर प्रत्येक मोटारीला चारी चाकांना असतातच. थांबताना इंजिनाचा जोर कामाचा नसतो, कामाचे असते ते टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण १५ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या हिमावर तिला ५० मीटर लागू शकतात आणि गुळगुळीत बर्फावर १०० मीटरच्या आसपास. वेग निम्मा केला, की हे अंतर चौथाईवर येते. म्हणून बर्फावर सर्वांत भरवशाचा ब्रेक म्हणजे आधीच कमी केलेला वेग.

यात एक फसवणूकही आहे. साधी गाडी निघतानाच घसरते आणि चालकाला सावध करते. चारी चाकांची गाडी मात्र शांतपणे निघते, वेग घेते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे पहिल्या वळणावरच कळते.

खरी पकड टायरची

साध्या उन्हाळी टायरचे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या बारीक खाचा हिमात पकड घेतात. माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे, तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, मग गाडी कुठलीही असो. ते चारही चाकांना बसवावे लागतात. दोनच बसवले तर गाडीचे एक टोक धरते आणि दुसरे घसरते.

आपल्याकडे हिमाचलात चाकांना साखळ्या बांधतात. त्या जोर मिळणाऱ्या चाकांना बांधायच्या. फोर बाय फोर गाडीला शक्यतो चारींना. गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी पाहावे. साखळ्यांवर वेग कमीच ठेवायचा, आणि मोकळा रस्ता लागला की त्या काढायच्या.

पूल आणि सावलीतली वळणे यांना विशेष जपावे. पुलाला वरून आणि खालून थंड वारा लागतो, म्हणून तो आधी गोठतो. तिथला बर्फाचा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो, की रस्ता नुसता ओला वाटतो.

उतार, घसरण आणि अडकणे

जुने गाडीवान उताराला लागण्याआधीच बैलांना आवरत. मोटारीतही तेच करावे. उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर टाकावा म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर, सगळे हलक्या हाताने आणि हलक्या पायाने. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवावे.

गाडी घसरलीच, तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. नजर दरीकडे न ठेवता, जिकडे जायचे आहे तिकडे ठेवावी आणि स्टिअरिंगही हळूच तिकडेच वळवावे. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून धरावा. पायाखाली थरथर जाणवते, तिला घाबरून पाय उचलू नये.

अडकून पडल्यास मोठा धोका वेगळाच असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात गाड्या अडकून वीसहून अधिक माणसे दगावली. धुराडे हिमाने बुजले आणि इंजिन चालू राहिले, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचू शकतो. त्याला वास नसतो. म्हणून आधी धुराडे मोकळे करावे, खिडकी बोटभर उघडी ठेवावी, आणि इंजिन अधूनमधून थोडाच वेळ चालवावे. गाडीत ब्लँकेट, फावडे, बॅटरी आणि पाणी असावे. अक्काने पाठवलेल्या अक्रोड-बदामांची एक पुडीही तिथेच ठेवायला मी भाच्याला सांगितले आहे. भुकेल्या रात्री तिचा उपयोग होईल.

मुलांना फोनवर "कुठली गाडी घेतलीस?" असे आपण कौतुकाने विचारतोच. त्यासोबत "टायर बदललेस का?" हेही विचारावे. आणि निरोप घेताना एक शब्द आवर्जून वापरावा, तो आपल्या दोन्ही भाषांत आहे. मराठीत निधान म्हणजे ठेवा, कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. घरचा ठेवा बर्फातून सुखरूप परत यायचा असेल, तर त्याला एवढेच सांगायचे, "निधान होगप्पा!"