न विचारलेलंही दिसतं तेव्हा

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे पक्कं व्हायला १९५६ साल उजाडावं लागलं. तोवर पाठ्यपुस्तकं बिनदिक्कत ४८ सांगत होती. पुढे १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगात एक जास्तच आखूड गुणसूत्र सापडलं. नोवेल यांनी स्लाइड नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. त्या पाण्याने पेशी फुगल्या आणि एरवी गुंता करून बसणारी गुणसूत्रं सुटी झाली. गुणसूत्राला शहराचं नाव मिळालं. तुटलेला तुकडा गेला कुठे, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

ते सांगितलं शिकागोच्या जॅनेट राउली यांनी. चार मुलं वाढवताना त्यांनी अनेक वर्षं अर्धवेळ काम केलं होतं. चमकत्या रंगाने गुणसूत्रांवर पट्टे उमटवायची नवी पद्धत त्या ऑक्सफर्डला शिकून आल्या होत्या. फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर जोड्या लावायच्या. आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवायची. त्या कात्रणांत १९७२ साली दिसलं की त्या आखूड, २२व्या गुणसूत्रातून जेवढं गेलंय, जवळपास तेवढंच ९व्याच्या टोकाला चिकटलंय. तुकडा हरवलाच नव्हता, अदलाबदल झाली होती. या जोडातून जन्मणाऱ्या बीसीआर-एबीएल प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब २००१ साली बाजारात आलं.

आजही तपासणीची रीत फारशी बदललेली नाही. अस्थिमज्जेच्या पेशी वाढवायच्या, कोल्सेमिडने विभाजन ऐन मध्यावर थांबवायचं, क्षाराच्या पातळ द्रावणात त्या फुगवायच्या, स्लाइडवर थेंब टाकायचा, थोडं ट्रिप्सिन आणि मग गिम्सा रंग. रिपोर्टात टी(९;२२), म्हणजे ९ आणि २२ची अदलाबदल, असं लिहून शेवटी चौकोनी कंसात २० येतं, तो पाहिलेल्या पेशींचा आकडा. वीसच पेशी, त्याही विभाजन होत असलेल्या, आणि डीएनएच्या पाच-दहा दशलक्ष अक्षरांपेक्षा लहान बदल डोळ्याला दिसतच नाही.

जनुकांना चमकत्या खुणा लावणाऱ्या फिश तपासणीत ही अडचण नाही. एका जनुकाला लाल खूण, दुसऱ्याला हिरवी. जोड असेल तिथे पिवळा ठिपका. शेकडो पेशी झटपट मोजता येतात. पीसीआर तर लाखभर पेशींतली एखादीही पकडतं. मग कात्रणांच्या वंशातली ही वेळखाऊ पद्धत मोडीत का काढू नये? माझ्या मते काढू नये. फिश आणि पीसीआर विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतात. पट्ट्यांची तपासणी न विचारलेलंही दाखवते. सीएमएल बळावताना कधी ८वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन होतं, कधी १७व्याची लांब बाजू दुप्पट होते. नुसता बीसीआर-एबीएल मोजणाऱ्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही.