अर्धे कुलकर्णी

मार्चअखेरची संध्याकाळ होती. एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो पाठवला. पिग्मी ठेवीची नेहमीची पावती. तारीख, खातेक्रमांक, रक्कम, सगळं बरोबर. फक्त ठेवीदाराचं आडनाव ‘कुलकर्’ इथे थांबलेलं आणि पुढे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात एक प्रश्नचिन्ह. फोटोखाली एकच ओळ : ‘कुलकर्णी काका पावती घ्यायला तयार नाहीत.’

पावत्या छापणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमच्या, दिवाळीत दिलेल्या आवृत्तीत हे होत नव्हतं, आताच्या आवृत्तीत होत होतं. मधल्या काळात आमचे ४१२ कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, झाले होते. शेजारी बसणाऱ्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या सहकारी मुलीने ती यादी वरून खाली वाचायला घेतली. निम्मे संदेश ‘बदल’, ‘फिक्स’, ‘फायनल फिक्स’ असेच होते. वाचून कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. (त्यातले बरेच माझेही होते, हे तिने न बोलता पाहिलं.)

अशा वेळी या नोंदी ठेवणाऱ्या गिटमधली ‘बायसेक्ट’ ही आज्ञा कामाला येते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो आणि पुढे जायचं की मागे ते ठरवतो, तसंच हे. चांगला कमिट कोणता, बिघडलेला कोणता, एवढं सांगायचं. गिट बरोबर मधल्या कमिटवर नेऊन उभं करतं. तिथे तपासायचं, ‘गुड’ किंवा ‘बॅड’ म्हणायचं. दर वेळी निम्मे कमिट बाद. ४१२ साठी नऊ फेऱ्या पुरतात, ८२४ असते तर दहा लागल्या असत्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी. तिथे एकेका आवृत्तीत दहा हजारांवर कमिट येतात, ते वाचत बसणं कोणालाच शक्य नाही.

फेऱ्याही हाताने मारायची गरज नसते. आम्ही दहा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली : प्रोग्रॅम बिल्ड कर, ‘कुलकर्णी’ नावाची पावती काढ, नाव पूर्ण आलं तर ०, तुटलं तर १, आणि बिल्डच झालं नाही तर १२५ परत दे. १२५ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याचा अर्थ ‘या कमिटबद्दल सांगता येत नाही, दुसरा दे’. स्क्रिप्ट मात्र रेपॉझिटरीच्या बाहेर ठेवायची. आत कमिट केलेली असेल तर जुन्या कमिटवर गेल्यावर तीच गायब होते. मग ‘बायसेक्ट रन’ म्हटलं आणि चहा मागवला. चौथा कमिट बिल्ड होईना, म्हणून नऊच्या दहा फेऱ्या झाल्या. चहा संपेपर्यंत उत्तर पडद्यावर होतं.

अकरा डिसेंबरचा कमिट. संदेश : ‘किरकोळ सुधारणा’. बदललेल्या फाइल : ३७.

४१२ मधून एक काढायला वीस मिनिटं लागली, पण त्या एकातली ओळ शोधायला तास गेला. बहुतेक बदल नुसत्या समासाचे होते, कोणीतरी टॅबचे स्पेस केलेले. ‘गिट शो’ला ‘-डब्ल्यू’ जोडल्यावर ते लपले आणि चार फाइल उरल्या. तिसरीत ती ओळ सापडली. आधी नाव २० अक्षरचिन्हांवर तोडलं जात होतं, आता २० बाइटवर.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कुलकर्णी’ आपल्याला चार अक्षरी दिसतं. संगणकाला मात्र ती आठ चिन्हं : क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, ईकार. म्हणजे २४ बाइट. विसाव्यावर तोडलं की सहा चिन्हं शाबूत राहतात आणि ‘ण’चे तीनातले दोनच बाइट उरतात. त्या दोन बाइटांचं झालं होतं प्रश्नचिन्ह. ‘जोशी’ १२ बाइटांत बसतं, ‘पाटील’ आणि ‘शिंदे’ पंधरात. आमच्या चाचणीत नेमकी हीच तीन आडनावं होती.

तिने ती ओळ पूर्वीसारखी केली, कमिट केला, ‘बायसेक्ट रीसेट’ म्हणाली आणि दुसऱ्या क्षणाला, “दादा, माझा कमिट गेला!” गेला नव्हता. बायसेक्टच्या वेळी आपण कुठल्याच शाखेवर नसतो. तिथे केलेला कमिट मूळ शाखेवर परतल्यावर दिसत नाही, एवढंच. ‘गिट रीफ्लॉग’मध्ये आपण कुठे कुठे जाऊन आलो त्याची नोंद असते. तिथून त्याचा क्रमांक उचलला आणि ‘चेरी-पिक’ केला. कुठल्याही शाखेत नसलेल्या कमिटची अशी नोंद एरवी ३० दिवस राहते. त्यामुळे घाबरायचं कारण नसतं, पण महिनाभर झोपायचंही नसतं.

सकाळी नवी आवृत्ती पिग्मी एजंटच्या मशीनवर चढवली. कुलकर्णी पूर्ण आले, पण ‘णी’ शिल्लक रकमेच्या रकान्यात घुसलं. डिसेंबरमध्ये संस्थेने नवी मशीन घेतली होती आणि त्यांत नावाला जागाच २० बाइटची होती. म्हणजे तो बदल चुकीने नव्हे, कारणाने झाला होता. करणारा मुलगा जानेवारीत नोकरी सोडून गेलेला. फोन केला तर दोन मिनिटांत सगळं सांगितलं त्याने. तेवढंच कमिटच्या संदेशात लिहिलं असतं तर आमचा एक दिवस वाचला असता. काय बदललं ते फरक पाहून कळतंच. का बदललं ते फक्त करणाऱ्याला माहीत असतं, आणि माणसं नोकऱ्या बदलतात.

दुरुस्तीही सरळ नव्हती. तुटलेले बाइट नुसते गाळले तर प्रश्नचिन्ह गेलं, पण ‘कुलकर्’ लोंबकळत राहिलं. अक्षरांच्या सीमा ओळखणारी लायब्ररी लावली, तरी तेच. युनिकोडच्या नियमात देवनागरी जोडाक्षर अखंड धरायला २०२३ ची १५.१ ही आवृत्ती यावी लागली आणि आमची लायब्ररी त्याआधीची. ती बदलली, तेव्हा ‘कुलक’ छापून आलं. हे तर काकांना दाखवायचीही सोय नव्हती! शेवटी पावतीवर नावाखाली छापला जाणारा पत्त्याचा ६० बाइटचा रकाना रिकामाच जातो हे लक्षात आलं. लांब आडनाव तिथे हलवलं.

कमिट करताना ‘गिट ॲड -पी’ वापरलं. ते प्रत्येक तुकडा दाखवून ‘हा घेऊ का?’ विचारतं. लायब्ररीचा बदल वेगळा, रकान्याचा वेगळा, चाचणीचा वेगळा, असे तीन कमिट झाले. रकान्याच्या कमिटचा संदेश तिनेच लिहिला : ‘२० बाइटहून लांब आडनाव पत्त्याच्या रकान्यात. नव्या पिग्मी मशीनमध्ये नावाला २० बाइटच आहेत. ही मर्यादा काढू नये, शिल्लक रक्कम बिघडते.’

चाचणीच्या यादीत आता जोशी, पाटील, शिंदे यांच्याबरोबर कुलकर्णी आणि देशपांडेही आहेत.